अटकेची वेळ कोण लिहितं?

(नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा लिखित मजकूर.)

आजचा विषय गेले कित्येक महिने डोक्यात होता, पण बोलायचं धाडस होत नव्हतं. कारण त्यात माझी एक चूक आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला, ‘पोराला पोलिसांनी नेलंय, ये ना जरा.’ त्यांचा मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. टपरीवर काहीतरी मारामारी झाली होती आणि हा त्यात होता. मी ऑफिसातून नुकताच आलो होतो, गळ्यातलं आयडी कार्डही काढलं नव्हतं. तसाच काकूंना घेऊन चौकीत गेलो.

तिथे हवालदारसाहेबांनी आधी माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे केली. ‘बसा, काय करता आपण?’ काकू उभ्याच होत्या. मी बसलो. साडेदहाच्या सुमारास एक छापील फॉर्म समोर आला. ‘साक्षीदार म्हणून सही करा, नातेवाईकाची नको, तुमचीच बरी.’ अटकेचा फॉर्म होता. नाव, पत्ता, कलम, सगळं भरलेलं. अटकेच्या वेळेची जागा तेवढी रिकामी. मला ते दिसलं होतं. तरी मी सही केली. भांडण नको, पोराला त्रास नको, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं केलं, जामीन मिळाला, विषय संपला. आठवडाभराने वकिलाकडे तो कागद पाहिला तर अटकेची वेळ रात्री ११:४०. माझ्या मोबाईलमधला मेसेज ९:१२ चा. म्हणजे जवळपास अडीच तास तो मुलगा कागदावर कुठेच नव्हता. त्या वेळात आत काय झालं ते तो आजही सांगत नाही, विषय काढला की उठून जातो. आणि ते अडीच तास घडलेच नाहीत, याला साक्षीदार कोण? मी.

दिवसभर सर्व्हरचे लॉग बघून ‘याला टाइमस्टॅम्प का नाही’ म्हणून ज्युनिअर पोरांवर ओरडणारा मी. तर तेव्हापासून मी वाचायला लागलो, की हा फॉर्म आला कुठून? त्यावर साक्षीदाराची सही का लागते? आणि मला खुर्ची का मिळाली, काकूंना का नाही? आजचा एपिसोड त्या वाचनाचा.

कराडी, ५ मे १९३०

दांडीचा मिठाचा सत्याग्रह आपल्याला शाळेत असतो. त्यानंतर महिन्याभराने काय झालं ते सहसा नसतं. दांडीजवळच कराडी नावाचं गाव आहे. तिथे आंब्याच्या झाडाखाली एका झोपडीत गांधीजींचा मुक्काम होता. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे तारीख ५ लागल्यावर, पाऊण वाजायच्या सुमारास सुरतचा जिल्हा मॅजिस्ट्रेट तिथे पोचला. बरोबर पिस्तुलं घेतलेले पोलीस अधिकारी आणि रायफली घेतलेले तीसेक शिपाई. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च मारला आणि विचारलं, मोहनदास करमचंद गांधी तुम्हीच का?

पुढचं वाचताना मला आधी हसू आलं आणि मग विचारात पडलो. गांधीजींनी आधी तोंड धुवायला वेळ मागितला, आणि तो मिळाला. दात घासता घासता त्यांनी मॅजिस्ट्रेटला विचारलं, अटक कोणत्या कलमाखाली, १२४ का? उत्तर आलं, नाही, लेखी हुकूम आहे. तोवर सगळं बिऱ्हाड जागं होऊन भोवती जमलं होतं. गांधीजी म्हणाले, वाचून दाखवता का? मॅजिस्ट्रेटने तो मोठ्याने वाचून दाखवला. हुकूम होता मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या रेग्युलेशन २५ खालचा. या रेग्युलेशनखाली खटला न चालवता माणसाला डांबून ठेवता येत असे. १९२२ मध्ये खटला चालवून सरकारने गांधीजींना कोर्टात बोलायची संधी दिली होती, ती चूक पुन्हा करायची नव्हती. मग भजन झालं, आणि पोलीस त्यांना घेऊन गेले. रेल्वेने बोरिवलीपर्यंत, तिथून मोटारीने येरवडा. २६ जानेवारी १९३१ पर्यंत ते आतच होते.

आता नीट बघा. कायद्याने गांधीजींना तिथे जवळपास काहीच हक्क नव्हता. खटला नाही, वकील नाही, जामीन नाही. तरीही अटकेच्या त्या काही मिनिटांत त्यांना तीन गोष्टी मिळाल्या. समोर कोण आलंय ते कळलं. का नेताहेत ते कळलं. आणि हे सगळं चारचौघांसमोर झालं, कोणी न्यायला आलं आणि कधी, हे पाहणारे डोळे तिथे होते.

का मिळाल्या? कारण ते गांधी होते. जगभरचे पत्रकार त्यांच्या मागावर होते. अधिकाऱ्याला माहीत होतं की आपण कसे वागलो ते उद्या छापून येणार. ही सभ्यता त्या माणसाला होती, कायद्याने ती कोणालाच बांधून दिलेली नव्हती.

भीती दोन्हीकडे असते

पोलिसांची बाजू सोडून हा विषय सांगता येत नाही. त्यासाठी आठ वर्षं मागे जाऊ. ४ फेब्रुवारी १९२२, गोरखपूर जिल्ह्यातलं चौरीचौरा. काही दिवसांपूर्वी तिथल्या पोलिसांनी बाजारात स्वयंसेवकांना मारहाण केली होती. त्याचा जाब विचारायला मोठा जमाव ठाण्यावर गेला. बाचाबाची, दगडफेक, मग गोळीबार. जमावातली माणसं मेली. चिडलेल्या जमावाने ठाण्याला आग लावली आणि किमान २२ पोलीस आत मेले. ते बहुतेक साधे शिपाई आणि चौकीदार, तिथल्याच आसपासच्या भागातले. पुढे सेशन्स कोर्टाने १७२ जणांना फाशी सुनावली. हायकोर्टातून उरलेल्या १९ जणांना खरोखर फाशी झाली.

मारहाण बाजारात झाली, तिची नोंद करून न्याय देणारं कोणी नव्हतं, म्हणून लोक स्वतः जाब विचारायला गेले, असं मला हे वाचताना वाटतं. पुढच्या हिंसेचं समर्थन त्यातून होत नाही. पण एवढं कळतं की पकडणाऱ्याने काय केलं हे लिहून ठेवणारी जागा नसेल, तर हिशोब रस्त्यावर होतो आणि त्यात खालच्या पगाराचा शिपाईसुद्धा मरतो. नोंद नागरिकाला वाचवते तशीच पोलिसालाही वाचवते.

१९४९: आंबेडकरांची दुरुस्ती

१५ सप्टेंबर १९४९. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुद्यात एक नवीन कलम मांडलं, १५-अ. आपण त्याला आज कलम २२ म्हणतो. अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगायची, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. सभेतले कितीतरी सदस्य स्वतः जेलमध्ये राहून आलेले होते.

कराडीत एका माणसाला मिळालेली गोष्ट आता प्रत्येकाची झाली. कागदावर तरी. त्याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायलाही, जागा ठेवली गेली. १८२७ ची सावली पूर्ण गेली नाही.

आणि ते २४ तास मोजायचे कधीपासून? अटकेच्या वेळेपासून. म्हणजे सगळा हक्क उभा आहे तो फॉर्मवरच्या त्या एका रकान्यावर. मी रिकामा सोडला, तोच रकाना.

खुर्ची कोणाला, बेडी कोणाला

तिहार जेलमधल्या एका कच्च्या कैद्याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला तार केली. कोर्टात नेताना रोज बेड्या घालतात, असं त्यात म्हटलं होतं. प्रेमशंकर शुक्ला खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे पोलिसांचे नियम आले तेव्हा दिसलं, की पंजाब पोलीस नियमांत कैद्यांचे वर्ग पाडलेले आहेत. ‘चांगल्या वर्गातल्या’ कैद्याला सहसा बेडी घालायची नाही, सामान्याला घालायची. हा वर्ग ठरायचा समाजातल्या स्थानावरून, शिक्षणावरून, राहणीवरून. माणूस पळून जाईल का, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. कोर्टाने हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि सांगितलं की बेडी हा अपवाद आहे, घालायचीच तर कारण नोंदवा.

हे वाचलं आणि माझी खुर्ची आठवली. नियम १९८० मध्ये गेला. सवय माझ्या आयडी कार्डापर्यंत आलेली आहे. आणि सवय एकट्या हवालदाराची नव्हती. मी पण बसलोच ना. ‘काकू, तुम्ही बसा’ हे तेव्हा सुचलं नाही.

मुंबईच्या लॉकअपमधल्या बाया

आता आपल्या महाराष्ट्रात. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या सेंट्रल जेलमध्ये जाऊन १५ महिला कैद्यांशी बोलणं केलं. त्यातल्या ५ जणींनी सांगितलं की पोलीस लॉकअपमध्ये आम्हाला मारहाण झाली. बारसेंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. निर्मला निकेतन कॉलेजच्या संचालिकेला जेलमध्ये जाऊन अहवाल द्यायला सांगितलं.

१५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी दिलेले आदेश वाचण्यासारखे आहेत, कारण ते फार साधे आहेत. महिला संशयितांसाठी वेगळे लॉकअप ठेवा, तिथे महिला पोलीस नेमा. चौकशी महिला पोलिसांच्या हजेरीतच करा. अटक झाल्या झाल्या नातेवाईकाला किंवा मित्राला कळवा. मॅजिस्ट्रेटने समोर आलेल्या प्रत्येकाला स्वतः विचारावं की मारहाणीची तक्रार आहे का. आणि अटकेतल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावा, आणि त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवा.

वाचून दाखवा. कराडीच्या मॅजिस्ट्रेटने केलं होतं ते. आता ते लॉकअपमधल्या, लिहितावाचता न येणाऱ्या बाईसाठी मागितलं गेलं होतं.

पंचसुद्धा खोटा असू शकतो

तुम्ही म्हणाल, कायदा माहीत असला की झालं. तर ऐका. २५ सप्टेंबर १९८९, गुजरातमधलं नडियाद. तिथल्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याचं पोलिसांशी वाजलं होतं. पोलीस समन्स बजावत नाहीत, कोर्टाला सहकार्य करत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. त्या संध्याकाळी पोलीस इन्स्पेक्टरच्या बोलावण्यावरून तो ठाण्यात गेला. तिथे त्याला मारहाण झाली, बेड्या घातल्या, दोरखंडाने बांधलं आणि दारू प्यायल्याचा आरोप ठेवून तसंच हॉस्पिटलात नेलं. त्या अवस्थेतले फोटो काढले गेले. ज्याच्यापुढे आरोपींना २४ तासांत उभं करायचं, त्याचीच ही गत.

सुप्रीम कोर्टाने चौकशी लावली. दारूची गोष्ट बनावट निघाली. सप्टेंबर १९९१ च्या निकालात इन्स्पेक्टर आणि इतर काही पोलीस अवमानासाठी दोषी ठरले. आणि आणखी एक माणूस दोषी ठरला, तो पोलीस नव्हताच. तो होता पंच, पेशाने मामलेदार. खोट्या पंचनाम्याला त्याने साथ दिली होती.

माझी सही आणि त्याची सही एकाच मापाने मोजायची नाही, एवढं मला कळतं. त्याने खोटं लिहिलेल्याला हो म्हटलं, मी न लिहिलेल्याला. पण अटकेच्या वेळी नागरिक पोलिसांशी कसा वागतो, याचं सगळ्यात नेहमीचं उत्तर हेच असावं. आरडाओरडा क्वचित होतो. बहुतेक जण सही करून घरी जातात.

कोलकात्याचं एक पत्र

त्या फॉर्मचं मूळ सापडतं ते १९८६ मध्ये. पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी पोलीस कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत वाचल्या आणि २६ ऑगस्टला थेट सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. तेही पत्र याचिका झालं. निकाल आला दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ ला.

त्यात ११ अटी आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी. अटकेच्या क्षणी मेमो करायचा, त्यावर तारीख आणि वेळ, घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष, आणि अटक झालेल्याची स्वतःची सही. घरच्यांना कळवायचं. डायरीत नोंद करायची. मागणी केली तर अंगावरच्या जखमा तपासून लिहायच्या. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी. कागदांच्या प्रती मॅजिस्ट्रेटकडे.

या अकरापैकी एकाही गोष्टीला बंदूक लागत नाही, बजेट लागत नाही. सगळं लिहिणं आहे. कोणी, कधी, कोणासमोर. पुढे २००८ च्या दुरुस्तीने त्यातली नावाची पट्टी, मेमो आणि साक्षीदार हे थेट कायद्यात आले आणि नोव्हेंबर २०१० पासून लागू झाले.

आज तुमच्या हातात काय आहे

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे. मोबाईलमध्ये नोट करून ठेवा.

कलम ३६: नावाची ओळख, मेमो, साक्षीदार, आणि अटक झालेल्याची सही. कलम ३७: प्रत्येक ठाण्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवायला अधिकारी नेमलेला हवा आणि ती माहिती ठळक लावलेली हवी. कलम ३८: चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ जवळ बसवता येत नाही. कलम ४७: कारण सांगायचं. कलम ४८: नातेवाईकाला किंवा मित्राला कळवायचं. कलम ५८: २४ तास. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक अपवादानेच, तीही महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटच्या पूर्वपरवानगीने. काही गंभीर गुन्ह्यांत आणि सराईत गुन्हेगारांना बेडी घालायला मात्र या नव्या कायद्याने कलम ४३ मध्ये स्पष्ट मुभा दिली आहे, हेही माहीत असू द्या.

त्याच कलम ४३ मध्ये एक जुनी तरतूद आहे, ती ब्रिटिश काळापासून चालत आलेली. अटक म्हणजे अंगाला हात लावणं किंवा अडवून धरणं, पण माणूस शब्दाने किंवा कृतीने ताब्यात यायला तयार असेल, तर हात लावायची गरज नाही. म्हणजे ‘साहेब, मी येतो, पण कारण सांगा आणि वेळ लिहा’ हे वाक्य कायद्याला पुरेसं आहे. हात झटकला, कॉलर धरली, तर बळ वापरायची परवानगी समोरच्याला मिळते आणि तुमच्यावर दुसरा गुन्हाही लागू शकतो. अटक चुकीची असली तरी तिचं भांडण कोर्टात करायचं. रस्त्यावर फक्त नोंद मागायची.

आणि अगदी ताजी गोष्ट. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणातून आलेल्या अपिलावर सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अटकेची कारणं कोणत्याही गुन्ह्यात लेखी द्यायची, आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची आणि रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात द्यायचा. कराडीत वाचून दाखवलेला हुकूम आता प्रत्येकाच्या हातात पडायला हवा. मध्ये ९५ वर्षं गेली.

शेवटी

मार्चमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याच चौकीत जायची वेळ आली. सोसायटीच्या वॉचमनला चोरीच्या संशयावरून नेलं होतं. हवालदार तेच होते. पुन्हा खुर्ची आली. मी वॉचमनच्या बायकोला बसवलं. फॉर्म आला, वेळेचा रकाना रिकामा. माझे हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. म्हटलं, ‘साहेब, एवढी वेळ लिहिता का? मग करतो सही.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. ते म्हणाले, ‘सकाळी सहापासून ड्युटीवर आहे हो, राहून जातं.’ भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता, वॉचमनला विचारून त्यांनी वेळ लिहिली. ८:२०. मी त्याखाली सही केली.

काकूंच्या पोराच्या कागदावर अजून ११:४० च आहे. तो बदलता येत नाही. पण ९:१२ चा मेसेज मी डिलीट केलेला नाही, आणि त्याला कधी बोलावंसं वाटलं तर कोर्टात तो दाखवायला मी येईन, हे त्याला सांगून ठेवलंय.

तुम्हाला कधी अशी सही करायची वेळ आली, तर आधी तो एक रकाना बघा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.